मदत हवी आहे: बायपोलर, डिसोसिएटिव्ह, की दोन्ही?

नमस्कार मंडळी. आम्ही भांडुपचे. धाकट्या बहिणीला एका डॉक्टरांनी बायपोलर (मूडचे टोकाचे चढउतार) सांगून लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) सुरू केलं. झोप सुधारली, बाकी तसंच. दुपारी अचानक तिचा आवाज, बोलण्याची ढब बदलते, मला चक्क ‘अहो’ म्हणते, आणि संध्याकाळी त्यातलं काही आठवत नाही. कपाटात नवे ड्रेस सापडतात, कधी घेतले ते तिलाच माहीत नसतं. आत्या म्हणते, अंगात येतं, गाणगापूरला न्या. (आत्याला कोण समजावणार!)

दुसऱ्या डॉक्टरांना डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डरची (डीआयडी, म्हणजे एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं आणि मधलं विसरणं) शंका आहे. माझ्या वाचनाप्रमाणे बायपोलरमधला मेनिया (अति उत्साहाचा किंवा चिडचिडीचा काळ) साधारण आठवडाभर तरी टिकतो, हायपोमेनिया (त्याचं सौम्य रूप) किमान ४ दिवस. तासाभरात माणूस पालटणं आणि मधलं विसरणं त्यात सहसा बसत नाही. पण डीआयडीसोबत डिप्रेशन फार वेळा असतं, म्हणून गोंधळ. डीआयडीवर मुख्य उपचार दीर्घकाळची सायकोथेरपी, गोळ्या सोबतच्या डिप्रेशनसारख्या त्रासाला. लिथियम आम्ही आपल्या मनाने बंद करणार नाही, रक्ततपासण्याही चालू आहेत.

तर, मुंबईत ट्रॉमा (मनावरचे आघात) आणि डिसोसिएशनवर खरोखर काम करणारे, मराठी बोलणारे थेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का? केईएम, नायर किंवा सायनच्या मानसोपचार ओपीडीत थेरपीला दर वेळी तोच माणूस मिळतो का? तिला पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावणं नकोसं वाटतं. सेंट्रल लाइनवर असेल तर उत्तम. रात्रीबेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर हाताशी आहेच. नावं इनबॉक्समध्ये द्या. आणि प्लीज, ‘योगा करा’ लिहू नका.