हीट पंप घ्यावा का? (रेडिएटर कोमटच राहतो म्हणे)

मिल्टन कीन्सहून

नमस्कार मंडळी,

आमचा कॉम्बी बॉयलर (रेडिएटर आणि नळाचं गरम पाणी दोन्ही सांभाळणारा गॅसचा बॉयलर) आता म्हातारा झालाय. त्याच्या जागी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात ओढून आणणारं यंत्र, बसवावा म्हणतेय, ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान सोडवत नाही. पण शेजारी बसवलाय तिथे रेडिएटरला हात लावून पाहिला, तर नुसता कोमट! डिसेंबरात पुण्याहून सासूबाई येणार आहेत. त्या तर स्वेटर घालूनच विमानात बसतात. कुणाला अनुभव आहे का?

रेडिंगहून

ताई,

आमच्याकडे दोन हिवाळे झाले. घर १९३०च्या सुमाराचं, सेमी-डिटॅच्ड. रेडिएटर कोमटच असतो, पण दिवसभर असतो. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास बंबासारखा पेटवायचा, ही सवय मात्र सोडावी लागते.

कोटेशन मागवायच्या आधी एक फुकटातला प्रयोग करा. कॉम्बीवर रेडिएटरच्या पाण्याचं तापमान लावायचं वेगळं बटण असतं. भिंतीवरचा थर्मोस्टॅट नव्हे, त्याला हात लावू नका. बहुतेकांकडे ते ७०-७५ वर असतं, ते ५० वर आणा आणि हीटिंग दिवसभर चालू ठेवा. बाहेर दव गोठलेलं असताना घर २० अंशांवर टिकलं, तर हीट पंपाला तुमचे रेडिएटर पुरतील.

गणित असं आहे. कॅटलॉगमधले वॅट हे रेडिएटर आणि खोली यांच्यात ५० अंशांचा फरक धरून दिलेले असतात. फरक ३० वर आला की उष्णता जवळपास निम्मी होते, २० वर आला की तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून आम्ही नऊपैकी चार रेडिएटर बदलले, एका पत्र्याचे (एकेरी) होते ते दोन पत्र्यांचे (दुहेरी) केले. बाथरूममधली टॉवेल वाळवायची दांडी मात्र अजून रुसलेली आहे.

लेस्टरहून

काका, प्रयोग ठीक आहे, पण माझ्या बिलात विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट आहे. मग बचत कसली?

रेडिंगहून

अगदी बरोबर, म्हणूनच तर कोमट पाणी! बॉयलर गॅसमधली ९० टक्के उष्णता देतो असं धरलं, तर चौपट भावात बरोबरी साधायला पंपाने विजेच्या एका युनिटमागे ३.६ युनिट उष्णता द्यायला हवी. तीनच दिली तर घाटा, चार दिली तर थोडी बचत. पाणी जितकं कमी तापवाल तितका हा आकडा वर जातो. रेडिएटर न बदलता ५५ अंशांवर पंप दामटवणारे नंतर पंपालाच शिव्या देतात. गॅस पूर्ण बंद केलात तर त्याचा रोजचा स्थिर आकारही वाचतो, तोही हिशेबात धरा.

शिवाय पंप नाही घेतला तरी प्रयोग फुकट जात नाही. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये परतीचं पाणी साधारण ५५ अंशांखाली आलं, तरच धुरातल्या वाफेचं पाणी होऊन तिची उष्णता आपल्या कामी येते. ७५ वर चालवला तर ती धुरांड्यातून गेलीच म्हणायची.

कोव्हेंट्रीहून

मध्येच बोलते, माफ करा. हे कॉम्बीवाल्यांसाठी झालं. ज्यांच्याकडे गरम पाण्याचा सिलिंडर आहे त्यांनी सरसकट ५० करू नका! साठवलेलं पाणी ६० पर्यंत तापलं पाहिजे, नाहीतर लिजिओनेलाचे (न्यूमोनियासारखा आजार करणारे) जंतू वाढतात. आधी इंजिनिअरला विचारा.

मिल्टन कीन्सहून

मंडळी, कळवायचं राहिलं. आमचा कॉम्बीच आहे, त्यामुळे पाच दिवस ५० वर ठेवला. दोन रात्री बाहेर उणे तीन होतं. दिवाणखाना २०, स्वयंपाकघर २१ (पोळ्यांचा वाटा असावा). मागची उत्तरेकडची खोली मात्र १६च्या वर जाईना. तिथे एकेरी, बुटका रेडिएटर आहे, आणि सासूबाईंची खोली नेमकी तीच.

तो एक दुहेरी करून घेतेय. पंपाचं नंतर बघू. प्लंबर जानेवारीत येणार म्हणतो, तोवर कुणाकडे तेल भरलेला विजेचा हीटर जास्तीचा आहे का? शनिवारी येऊन घेऊन जाईन.