मॅक माझा, मग तिसरी व्हीएम का नाही?

खडकवासला: सुधागड यांनी परवा ठोकून दिलं, "दोनपेक्षा जास्त मॅकओएस व्हीएम (मशीनच्या आत चालणारे आभासी संगणक) लागतात त्यांनी गुमान दुसरा मॅक मिनी घ्यावा. रडगाणी पुरे." ॲपलची अटच आहे, एका मॅकवर मॅकओएसच्या दोनच व्हीएम. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मॅकओएसच्या तीन जुन्या आवृत्त्यांवर ॲप तपासायचं असतं. दोन व्हीएम चालू, तिसरीचं बटण दाबलं की 'संख्या मर्यादेबाहेर' असा निरोप. शेजारी ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा, निम्मी रॅम मोकळी पडलेली. त्याच मशीनवर लिनक्सच्या पाच उघडा, कोणी हटकत नाही! इंटेलच्या काळात ही अट नुसती लायसन्सात होती, ॲपल सिलिकॉनवर, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपवर, थेट कर्नलमध्ये, ओएसच्या गाभ्यातच बसवली.

सुधागड: २०११ च्या मॅकओएस लायनआधी साधी मॅकओएस व्हीएममध्ये टाकायची परवानगीच नव्हती, फक्त सर्व्हर आवृत्तीला होती. दोन मिळाल्या त्याचं काही नाही. ओएस फुकट येते, पैसे मशीनचे. एका मिनीवर दहा चालवल्या तर मशीन कोण घेणार? आणि 'ॲग्री' तुम्हीच दाबलंत.

भाडेकरू_कायमचा: न दाबून करणार काय, मॅकचा पाट करायचा? मॅकओएस बिग सरच्या लायसन्सपासून मॅक भाड्याने द्यायचा तर किमान २४ तासांसाठी. क्लाउडवर वीस मिनिटांच्या टेस्टला मी अख्ख्या दिवसाचं भाडं मोजलंय.

भाडेकरू_कायमचा: ही तर थेट आमची सोसायटी. फ्लॅट मालकाचा, हप्ते मालकाचे, आणि आत किती जणांनी राहायचं ते सेक्रेटरी ठरवणार. "दोनच मुलं. तिसरा दिसला तर बघा."

निवांत_काका: सहा वर्षं सेक्रेटरी आहे, बिनपगारी. दोन सांगून सात जण राहतात, टाकी सकाळी नऊला कोरडी. मग रात्री अकराला टँकरवाल्याला फोन कोण करतो? तुम्ही?

भाडेकरू_कायमचा: टँकर ठीक आहे काका, पण नॉन-ऑक्युपन्सी (फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाकडून घेते तो आकार) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, २००१ चा सरकारी आदेश आहे. आमच्याकडे तिप्पट घ्यायचे आणि ते माझ्या भाड्यात यायचं.

निवांत_काका: आम्ही दहाच घेतो. पावती पाठवू का?

भाडेकरू_कायमचा: पाठवाच. आणि "बॅचलर नको" ते कुठल्या कायद्यात बसतं, तेही लिहा.

निवांत_काका: जिन्यात पहाटे दोनला गिटार वाजवणं कुठल्या कायद्यात बसतं?

खडकवासला: अहो, व्हीएम! व्हीएमबद्दल बोलत होतो आपण!

जुनी_खिडकी: विंडोजवाल्यांनी हसू नये. २००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हा होम बेसिक आणि होम प्रीमियमला व्हीएममध्ये मनाई होती. हवं तर बिझनेस नाहीतर अल्टिमेट घ्या. लोकांनी बोंब मारली, पुढच्याच जानेवारीत अट गेली. 'गुमान घ्या' म्हणणारे तेव्हाही होतेच.

सुधागड: आजही विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका लायसन्सवर दोनच व्हीएम. तिकडे का नाही ओरडत?

खडकवासला: तिकडे आणखी पैसे टाकले की त्याच मशीनवर आणखी चालतात, डेटासेंटर आवृत्ती घेतली तर कितीही. इथे पैसे घेऊन उभा आहे, घेणारा कोणी नाही. १६ जीबीच्या मिनीला दोन आणि १९२ जीबीच्या मॅक स्टुडिओलाही दोनच. हा कुठला हिशोब, ते एकदा सांगा.

सुधागड: रॅमप्रमाणे आकडा वाढायला हवा, हे मान्य. झालं समाधान? बाकी माझं मत तेच.

खडकवासला: उपकार झाले. तोवर मी एक बंद करून दुसरी उघडतोय.

निवांत_काका: पावती टाकलीय वर. गिटारचं उत्तर अजून आलं नाही.