मदत हवी आहे: मुलीच्या युरोप सहलीचा व्हिसा वडिलांच्या सहीवर अडलाय

सिडकोची_आई
मुलीच्या कॉलेजची शैक्षणिक सहल आहे. आज फाइल परत आली, वडिलांची सही हवी म्हणे. ते इथे नाहीत. मी आई आहे ना, माझी एकटीची का चालत नाही? सोमवारी फाइल परत द्यायचीये. कुणी केलंय का हे?

गोदाकाठ
ताई, मुलीचं वय? वडील कुठे आहेत? देश कोणते?

सिडकोची_आई
१७ पूर्ण. मिस्टर दुबईत नोकरीला. पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग.

पंचवटीकर
एजंटला द्या आणि मोकळे व्हा. नाशिकहून मुंबईच्या चकरा कशाला?

गोदाकाठ
एजंट काय वडिलांची सही करणार आहे? ताई, मूल १८च्या आत असलं की शेंगेनला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) दोन्ही पालकांची संमती लागते. मिस्टरांनी दुबईच्या भारतीय वकिलातीत ना-हरकत पत्र साक्षांकित करून घ्यावं, सोबत पासपोर्टची प्रत. मूळ कागद कुरियरने मागवा.

इंदिरानगर_७७
सही पासपोर्टवर असेल तशीच करायला सांगा. आमच्या ह्यांची पासपोर्टवर मराठीत, पत्रावर इंग्रजीत. तेवढ्यावरून पत्र परत आलं आणि मुलगा रात्रभर रडला.

पंचवटीकर
विम्याचं बघितलं का? किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं.

सिडकोची_आई
विमा कॉलेजने काढलाय. अर्ज फ्रान्सचा भरलाय, तो तरी बरोबर आहे का? पॅरिस ३ रात्री, बर्लिन ३, बाकी दोन-दोन.

गोदाकाठ
जिथे जास्त रात्री तिथे अर्ज. सारख्याच असतील तर आधी जिथे उतरणार तिथे. पॅरिसलाच उतरतायत ना?

सिडकोची_आई
नाही, आधी लंडन २ रात्री, मग रेल्वेने पॅरिस.

गोदाकाठ
अहो, हे आधी सांगायचं! लंडन शेंगेनमध्ये नाही, ब्रिटनचा व्हिसा वेगळा. त्यालाच साधारण ३ आठवडे धरतात. शेंगेनचा पहिला प्रवेश पॅरिसच, म्हणजे फ्रान्सचा अर्ज बरोबर. पण ब्रिटनचा अर्ज झालाय का, ते आजच कॉलेजला विचारा. आणि शेंगेनच्या नियमात शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हिसा फी माफ आहे. कॉलेजचं पत्र जोडा.

मखमलाबादची_मावशी
पोरीला खायला चिवडा, मेतकूट द्या. पेढे नकोत, दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत.

पंचवटीकर
मंगळवारी पॅरिसचं लूव्हर संग्रहालय बंद असतं, कॉलेजला सांगा.

सिडकोची_आई
सरांना फोन केला. ब्रिटनचा अर्ज कॉलेजनेच भरलाय, देवाची कृपा. मिस्टर उद्या सकाळीच वकिलातीत जातायत. त्यांना पासपोर्टवरच्या सहीचा फोटो पाठवलाय, हुबेहूब तशीच करा म्हटलं. मूळ पत्र सोमवारपर्यंत पोचणं कठीण, म्हणून सर फाइलसाठी दोन दिवस मागून बघतायत. दुबईहून नाशिकला कुरियर किती दिवसांत येतं, कुणाला अनुभव आहे का?