पाळीच्या आधी खाज, पाळीत वेगळीच खाज. दोन वर्षं झाली, मदत हवी आहे

मैत्रिणींनो, लिहू की नको करण्यात चार दिवस गेले. आज पाळीचा तिसरा दिवस. रात्रीचा दीड वाजलाय, खाजेने डोळा लागत नाही, म्हणून शेवटी लिहितेच.

वय ३६, राहते डोंबिवलीत, नोकरी फोर्टला. एक मुलगी, सात वर्षांची. पाळी २८-३० दिवसांनी, अगदी वेळेवर. त्या बाबतीत कधीच तक्रार नव्हती.

पाळी यायच्या चार-पाच दिवस आधी आतल्या बाजूने खाज सुरू होते. बाहेरून सूज येते, लघवीला गेलं की चरचरतं. अंगावरून पांढरं जातं, फाटलेल्या दुधासारखं, पण वास नसतो. पाळी सुरू झाली की हे सगळं जवळजवळ थांबतं. मला वाटतं, सुटले. आणि तिसऱ्या दिवशी दुसरं चालू. ही खाज आत नसते. जांघेत आणि बाहेर, जिथे पॅडची कड लागते बरोबर तिथे लाल पट्टा उठतो, चालताना आग होते. पाळी संपल्यावर तीन-चार दिवसांनी ते ओसरतं. म्हणजे महिन्यातले जेमतेम पंधरा दिवस मी माणसासारखी बसू शकते. गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहून ओठ चावत डोंबिवली गाठणं काय असतं, ते ज्यांनी सोसलंय त्यांनाच कळेल.

आतापर्यंत केलेलं सांगते. केमिस्टकडे गर्दी नाही असं बघून खाजेचं मलम आणलं. दोन दिवसांत गार वाटलं, पण थांबवलं की दुप्पट. असं वर्षभर चाललंय. सासूबाईंनी कडुलिंबाचा पाला उकळून दिला, तो केला. जंतुनाशक पाण्यात घालून धुतलं, सुवासिक इंटिमेट वॉश वापरला. जवळच्या एका दवाखान्यात दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा न तपासता फ्लुकोनॅझोलची, म्हणजे बुरशीवरची, एक गोळी लिहून दिली आणि वर "स्वच्छता ठेवत जा" सांगितलं. ते फार लागलं हो. मी दिवसातून तीन-चार वेळा साबणाने धुते. अजून किती स्वच्छ राहू?

कुणाला असं ठरलेल्या दिवसांत होतं का? डॉक्टरांकडे नेमकी कोणती तपासणी मागायची? पॅड बदलून फरक पडतो का? नवऱ्यालाही औषध लागतं का? कृपया सांगा.

केवडा: तुझा लाल पट्टा वाचून माझेच दिवस आठवले. मला सुगंधी पॅडचा त्रास होता. साधे, बिनवासाचे, वरून सुती थर असलेले आणले, दुसऱ्याच पाळीत फरक. एक सांगते, आपल्याकडे पावसाळ्यात आतले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि आपण दमट तसेच घालतो. मी इस्त्री फिरवल्याशिवाय घालत नाही.

तुळस_वृंदावन: लसणाची पाकळी कापडात बांधून आत ठेवायची, नाहीतर दही लावायचं. आमच्याकडे हेच करतात.

गोदाकाठ: तुळसताई, राग मानू नका, पण लसूण नको. आधीच सोललेल्या नाजूक कातडीला तो भाजतो. दह्याने खात्रीने बरं होतं असंही नाही. मी नाशिकला स्त्रीरोग ओपीडीत सिस्टर आहे, पंधरा वर्षं झाली. अशा भाजलेल्या बायका पाहिल्यात.

मूळ धागाकर्तीला: तुम्ही दोन खाजा वेगळ्या ओळखल्यात, यातच अर्धं काम झालंय. डॉक्टरांना अगदी असंच, दिवस मोजून सांगा. पाळीच्या आधी वाढणारी, दह्यासारखा स्राव असलेली, वास नसलेली खाज बहुतेक वेळा कँडिडा या बुरशीची असते. त्या आठवड्यातली संप्रेरकं तिला पोसतात. याउलट पाळीनंतर माशासारखा वास आणि पातळ राखाडी स्राव असेल तर ते जिवाणूंचं, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस. योनीचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकी आम्लता जास्त) एरवी ३.८ ते ४.५ असतो, रक्ताचा ७.४ च्या आसपास. त्यामुळे पाळीत तिथली आम्लता उतरते आणि त्या जिवाणूंचं फावतं. दोन्हींची औषधं वेगळी. न बघता दिलेली गोळी म्हणूनच कधी लागू पडते, कधी नाही.

जायचं ते पाळीच्या आधी, खाज चालू असताना. आधीचे काही दिवस आत काही लावू नका, नाहीतर नमुन्यात काही सापडत नाही. पीएचचा कागद, स्रावाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि वारंवार होतंय म्हणून कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघतात ते), एवढं नक्की मागा. बुरशीच्या काही जाती फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत, ते कल्चरमध्ये कळतं. शिवाय रक्तातली साखर. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर ती वारंवारची बुरशी धरतात. तेव्हा एका गोळीने भागत नाही. सुरुवातीला तीन दिवसांच्या अंतराने तीन गोळ्या आणि मग आठवड्याला एक, सहा महिने, असा कोर्स देतात. तो डॉक्टरांनीच द्यायचा. दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर ही गोळी मनाने मुळीच घ्यायची नाही.

आणि ते मलम. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा.

धागाकर्ती: आत्ता उठून बघितलं. क्लोबेटासोल लिहिलंय.

गोदाकाठ: ते कडक स्टिरॉइड आहे. खाज दाबतं, म्हणून गार वाटतं, पण खाली बुरशी वाढत राहते आणि कातडी पातळ होते. ते मनाने लावू नका, डॉक्टरांना ट्यूब दाखवा. साबण, वॉश, जंतुनाशक आजपासून बंद. बाहेरून साधं पाणी, तेही एक-दोनदाच. आत काहीही घालून धुवायचं नाही, आतली सफाई शरीर स्वतः करतं. तुम्ही अस्वच्छ नाही आहात, ताई. धुणं जास्त झालंय. बुरशी असेल आणि नवऱ्याला काही त्रास नसेल तर त्यांना औषध लागत नाही. ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून पसरणारा परजीवी, निघाला तर मात्र दोघांनी घ्यायचं. ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा जखम दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी जा.

धागाकर्ती: "तुम्ही अस्वच्छ नाही आहात" हे वाचून रडले. दोन वर्षांत हे कुणीच म्हटलं नव्हतं.

धागाकर्ती (सहा आठवड्यांनी): उशीर झाला, पण तुम्हाला सांगायचंच होतं. पाळीच्या तीन दिवस आधी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नीट तपासलं, नमुना घेतला. कँडिडाच निघाला, नेहमीच्या गोळीला दाद देणारा. पण एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बाळंतपणात साखर वाढली होती, ती नंतर कधी तपासलीच नव्हती. कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. मुलींनो, गरोदरपणात साखर वाढली असेल तर प्लीज तपासत राहा.

बाहेरचा लाल पट्टा पॅडची अॅलर्जी. त्या कातडीला सौम्य मलम दिलंय, ठरलेल्या दिवसांसाठीच. पहिल्या तीन गोळ्या झाल्या, आता दर रविवारी एक. या वेळी पाळीआधी खाज आली, पण झोप मोडली नाही.

आता एकच अडचण आहे. केवडा, तू सांगितलेले पॅड घरी उत्तम, पण दुसऱ्या दिवशी डोंबिवली ते सीएसएमटी प्रवासात ते टिकत नाहीत. जास्त स्राव असताना, बिनवासाचं आणि कड न टोचणारं काय वापरता? आणि पॅडऐवजी आत बसवायच्या मेन्स्ट्रुअल कपची सवय व्हायला साधारण किती पाळ्या गेल्या तुम्हाला? पुढची तारीख बारा दिवसांवर आहे.