गरम झाली की बंद पडणारी १९८४ ची बुलेट: दोष कुठे शोधावा?

प्रश्न

नमस्कार. वडिलांची १९८४ ची ३५० सीसी बुलेट नऊ वर्षे कराडच्या घरी पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीला तिला नवे पेट्रोल, नवा प्लग आणि नवी बॅटरी घातली, तेव्हा ती चौथ्या किकला सुरू झाली. मात्र आठ-दहा किलोमीटर गेल्यावर ती दोन-तीन आचके देऊन बंद पडते. मग कितीही किक मारल्या तरी दाद देत नाही, आणि वीस मिनिटे सावलीत उभी केली की काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होते. इथल्या एका गॅरेजमध्ये तीनदा कार्बोरेटर साफ करून झाला, आता तो बदलायलाच सांगत आहेत. तो खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कुठे असू शकतो, आणि गाडी पुणे-बंगळूर महामार्गावर नेण्याआधी आणखी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

गाडी थंड झाल्यावर आपोआप सुधारते, हे आपण सांगितलेल्यांपैकी सर्वांत बोलके लक्षण आहे. कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) कचरा असता तर ती थंड असतानाही कुरकुरली असती, म्हणून कार्बोरेटर तूर्त बाजूला ठेवा. असा दोष गॅरेजमध्ये सहसा सापडत नाही, कारण गाडी तिथवर ढकलत नेईपर्यंत तो निघून गेलेला असतो. ती जिथे बंद पडेल तिथेच, पहिल्या पाच मिनिटांत तपासणी करावी लागते. एक जादा प्लग आणि रबरी मुठीची पक्कड बरोबर ठेवा.

बंद पडताच गाडी कडेला घेऊन आधी टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे असे समजा. (एका गाडीत तिथे कुंभारमाशीने घर केलेले मी स्वतः पाहिले आहे.) तसे नसेल तर झाकण घट्ट लावा, चावी चालू ठेवा आणि हेडलाइटवरच्या अँपमीटरकडे (करंट दाखवणाऱ्या काट्याकडे) पाहत किक अगदी सावकाश दाबा. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटले की काटा उणे बाजूला झुकतो आणि उघडले की मध्यावर येतो. किक कुठे मारायची हे जुने बुलेटवाले याच काट्यावरून ओळखत. काटा हललाच नाही तर करंट पॉइंटमधून वाहत नाही, म्हणजे चावीचा स्विच, वायरचे जोड, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी) आणि खुद्द पॉइंट तपासावे लागतील. काटा हलत असेल तर जादा प्लग वायरच्या टोपीत बसवून पकडीने इंजिनच्या हेडला टेकवा आणि ठिणगी पाहा. मूळ प्लग मात्र जागेवरून काढू नका, कारण उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि ती ठिणगीने पेटू शकते.

ठिणगी निळी आणि कडक आवाजाची असली पाहिजे. ती बारीक, पिवळसर दिसली तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर राहील. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला करंट कंडेन्सरने सामावून घ्यायचा असतो. तापल्यावर तो निकामी होऊ लागला की तोच करंट पॉइंटच्या फटीतून उडी मारतो, पॉइंट जळतात आणि प्लगला पुरेसे बळ मिळत नाही. तापलेली कॉइलही अशीच वागते, पण कंडेन्सर स्वस्त आहे, म्हणून आधी तो बदलून पाहावा.

दुसरे उत्तर

वरील क्रम योग्य आहे, पण नऊ वर्षे उभ्या असलेल्या टाकीकडे मी इतक्या सहज दुर्लक्ष करणार नाही. टाकीत टॉर्च लावून पाहा. गंज दिसला तर पेट्रोल कॉकची (टाकीखालच्या तोटीची) जाळी काढून धुवा आणि नळीतून अखंड धार येते का ते बाटलीत पाहा. मात्र हे काम इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर उघड्या जागेत करावे. टाकीला भोक असेल तर रिकामी झाली म्हणून ती थेट वेल्डिंगला देऊ नये, कारण आत उरलेल्या वाफेनेच स्फोट होतो. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी ओढून घेते, शिवाय त्या काळच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. म्हणून नळ्या नव्याच घालाव्यात.

टायरवर नक्षी दिसते यावर विश्वास ठेवू नका. बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे टायर बनल्याच्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. खूण तीनच आकड्यांची असेल तर तो टायर २००० च्या आधीचा आहे. ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. आरसीची मुदतही पाहून घ्या, १५ वर्षांनंतर ती दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. रविवारी ओगलेवाडीच्या रस्त्याला गाडी नेहमीप्रमाणे बंद पडली. झाकण उघडले तेव्हा आवाज आला नाही, काटा व्यवस्थित झुकत होता, पण जादा प्लगची ठिणगी निरांजनाच्या ज्योतीसारखी पिवळी दिसली. घरी येऊन पॉइंट उघडले तर एका बाजूला खड्डा आणि समोर तेवढाच उंचवटा झाला होता. कंडेन्सर आणि पॉइंट दोन्ही बदलले, पॉइंट पूर्ण उघडे असताना फट ०.३८ मिलिमीटर ठेवली, आणि काल संध्याकाळी गावातल्या गावात बावीस किलोमीटर न थांबता फिरलो.

पुढच्या टायरवर खूण तीनच आकड्यांची निघाली. नवा टायर आणि ब्रेक लायनर येईपर्यंत गाडी अंगणातच राहील, आणि जुना कार्बोरेटर आहे तिथेच आहे.