टाळूकडे अडकलेला सुळा: उघडा ठेवायचा की चेन लावून शिवायचा?

मडगावची दंतवैद्य: पेशंट १४ वर्षांची. वरचा डावा सुळा टाळूकडे, टोक लॅटरलच्या (सुळ्याशेजारच्या पुढच्या दाताच्या) मुळाला टेकलेलं. सीबीसीटीत (थ्रीडी एक्स-रे स्कॅनमध्ये) मुळाची झीज नाही. दुधाचा सुळा घट्ट, जागा जेमतेम ५ मिमी. घरच्यांना चवथीआधी शस्त्रक्रिया उरकायची आहे. उघडी पद्धत (सुळा उघडा ठेवायचा) की बंद (सुळ्यावर बटण चिकटवून, ओढायची चेन लावून वरून शिवायचं)?

ब्रॅकेटवाला, फोंडा: डॉक्टर, आधी जागा. सुळ्याला साडेसात-आठ मिमी लागते. ओपन कॉइल स्प्रिंगने (शेजारचे दात दूर सारणाऱ्या) ती करा आणि ०.०१९ × ०.०२५ इंचाची स्टील वायर बसल्यावरच सर्जनकडे पाठवा. दुधाचा सुळा त्याच दिवशी काढता येतो. टोक इतकं पुढे गेल्यावर नुसता दुधाचा काढून वाट पाहण्यात फारसा अर्थ नाही.

टाळूकडच्या सुळ्याला दोन्ही पद्धती चालतात. वरवर असेल तर उघडा ठेवून जखमेत पॅक (झाकणारा लगदा) भरा, खोल असेल तर चेन लावून शिवा. ओठाकडच्या सुळ्याची गोष्ट वेगळी. तिथे सैल श्लेष्मल त्वचेत खिडकी कापली तर दाताभोवती घट्ट हिरडी उरत नाही.

ओढण्याची दिशा मात्र चुकवू नका. चेन सरळ वायरकडे ताणली तर सुळा लॅटरलच्या मुळावर घासत येतो आणि मूळ झिजतं. आधी टाळूकडे, मागे, मुळापासून लांब, मग कमानीत.

ओरल सर्जन, म्हापसा: बटण निघतं ते बहुतेक वेळा रक्तामुळे. अ‍ॅड्रेनलिनचा गॉज दोन-तीन मिनिटं दाबून धरा. मग बटण चिकटवण्याआधी ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड, सलाइनने धुणं, सक्शनने कोरडं करणं. जखमेत हवेचा फवारा मारू नका, हवा ऊतींत शिरून चेहरा सुजतो. हाड क्राउनपुरतंच (दाताच्या मुळाबाहेरच्या भागापुरतंच) काढा, दाताच्या मानेच्या खाली जाऊ नका. शिवण्याआधी चेन ओढून बघा आणि फोटो काढा. नंतर क्राउनचं तोंड कुठे होतं हे ऑर्थोवाल्याला (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरला) त्यावरूनच कळतं.

ब्रॅकेटवाला, फोंडा: ताण एक-दोन आठवड्यांनी सुरू करा. साधारण ६० ग्रॅम, गेजने मोजून. काही महिन्यांत सुळा हलला नाही आणि शेजारचे दातच वर चढू लागले, तर जोर वाढवू नका. आधी बटण सुटलंय का पाहा. तसं नसेल तर दात हाडाला चिकटल्याची शंका घ्या. ही शक्यता आणि वर्ष-दीड वर्षाचा काळ संमतिपत्रात लिहा.

चवथीसाठी घाई नको. टाळूला टाके असताना चकल्या, लाडू चालणार नाहीत, काही दिवस पेजेवरच काढावे लागतील. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात ऑर्थो आणि सर्जरी एकाच आवारात आहेत. दोन्हीकडे मिळून योजना ठरवायची असेल तर तिथे पाठवा.

मडगावची दंतवैद्य: आधी स्प्रिंग लावते. बटण कुठल्या पृष्ठभागावर?

ओरल सर्जन, म्हापसा: टाळूकडच्या. ओठाकडची बाजू लॅटरलच्या मुळाला लागून आहे, ती उघडायला गेलात तर मूळच उघडं पडेल. सुळा थोडा फिरेल, पण तो बाहेर आल्यावर ब्रॅकेट लावून सरळ करता येतो.