माउंटन पेपर : छाटकलमे काळी पडतात, फळही धरत नाही

प्रश्न
आम्ही ऑस्ट्रेलियात, टास्मानियातील होबार्टला वेलिंग्टन डोंगराच्या पायथ्याशी राहतो. घराच्या दक्षिण बाजूला, जिथे इकडे बराच वेळ सावली असते, तिथे माउंटन पेपरचे (टास्मानिया लॅन्सिओलाटा) सहा फुटी झुडूप आहे. काड्या लालभडक, पाने गर्द हिरवी व चकचकीत. पान चावले की क्षणभर काहीच कळत नाही आणि मग मिरीलाही मागे टाकणारी झणझण जिभेवर बराच वेळ राहते. याच झुडपापासून रोपे करून कुंपणभर लावावीत, अशी फार इच्छा आहे. डिसेंबरात, म्हणजे इकडच्या उन्हाळ्यात, शेंड्यांची छाटकलमे (कापलेल्या काड्या) लावली, परंतु आठवड्याभरात त्यांनी माना टाकल्या आणि ती काळी पडली. शिवाय दर वसंतात फुले येऊनही तीन वर्षांत एकही फळ धरलेले नाही. खत कमी पडत असेल काय?

प्रतिसाद १
फळ न धरण्याचे कारण खत नसावे. या झुडपात नर आणि मादी वेगवेगळे असतात. कोकणात जायफळाचे बी लावणाऱ्याला जी अडचण येते, तीच ही : रोप वाढवायचे, वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि फुले आल्यावर ते नर निघायचे. आपण फूल जवळून पाहावे. मध्यभागी पुंकेसरांचा झुबका असेल तर झुडूप नर, आणि हिरवट, फुगीर अंडाशय असेल तर मादी. छाटकलमातून मूळ झाडाचेच लिंग पुढे जात असल्यामुळे, एकाच झुडपापासून कितीही रोपे केली तरी जोडीदार मिळणार नाही.

कलमे जळाली ती मुख्यतः काडी कोवळी असल्यामुळे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, त्या वर्षीची वाढ बुंध्याकडून टणक होऊ लागली की आठ-दहा सेंटीमीटरच्या काड्या घ्याव्यात. पेराच्या लगेच खाली धारदार चाकूने काप द्यावा, वरची दोन-तीन पाने ठेवून तीही अर्धी कापावीत, खालचे टोक मुळे फुटण्याच्या संजीवकात बुडवावे आणि परलाईट (हलके, पांढरे खनिज दाणे) व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या मिश्रणात खोचावे. वरून पारदर्शक पिशवी घालून कुंडी सावलीत ठेवावी. मिश्रण ओलसर हवे, चिंब नको. पाणी साचले की बुरशी आलीच. मुळांना दोन महिने, कधी त्याहूनही अधिक लागतात, म्हणून काडी उपटून पाहण्याचा मोह कृपया टाळावा. मी तो टाळला नव्हता आणि नुकत्याच फुटलेल्या, दोऱ्याएवढ्या पांढऱ्या मुळ्या माझ्याच हाताने तुटल्या, याचे आजही वाईट वाटते.

प्रतिसाद २
दोन-चारच रोपे हवी असतील तर दाबकलम अधिक खात्रीचे वाटते. जमिनीलगतची फांदी खालून किंचित खरवडून मातीत दाबावी, वर दगड ठेवावा आणि वर्षभर तिला हात लावू नये. फांदीला आईकडून पाणी मिळत राहते, त्यामुळे ती सुकण्याची भीती जवळजवळ नसते. जमीन आम्लधर्मी, भुसभुशीत आणि निचऱ्याची हवी. उन्हाळ्यातील कोरडा वारा या झुडपाला सोसत नाही.

प्रतिसाद ३
मुलगी मेलबर्नला असते. येताना तिच्याकडून याचे बी पुण्याला मागवावे का?

प्रतिसाद १ (पुन्हा)
माझे मत स्पष्टपणे नको असे आहे. भारतात लागवडीसाठी बी आणायचे तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. आणि ते रीतसर आणले तरी हे थंड, ओल्या डोंगरातले झाड आहे. पुण्याचा एप्रिल-मे त्याला झेपणार नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. गेल्या ऑक्टोबरात काढलेली छायाचित्रे मोठी करून पाहिली. प्रत्येक फुलात पुंकेसरच आहेत, म्हणजे आमचे झुडूप नर आहे. आता फळे लागलेले मादी रोप रोपवाटिकेतून पारखून आणतो, याच्या शेजारी लावतो आणि नराच्या खालच्या दोन फांद्या या शनिवारीच मातीत दाबतो. छाटकलमांचा प्रयोग मार्चमध्ये.